मिठाची गुळणी

चौथी चमकही मिठाचीच निघाली तेव्हा प्रोफेसरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सभा भरली होती, समोर सगळा गट बसला होता, भिंतीवरच्या पडद्यावर दूरदूरच्या प्रयोगशाळांमधले चेहरे ओळीने दिसत होते. म्हणून ती आग मस्तकातच ठेवून त्यांना "धन्यवाद" म्हणावं लागलं. आणि धन्यवाद म्हणायचं कुणाला, तर स्वतःच्या नवऱ्याला.

हे मीठ म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. जमिनीच्या खूप खाली, एका बंद पडलेल्या खाणीत, बाईंच्या गटाने एक टाकी बसवली होती. टाकीत अतिथंड द्रवरूप झेनॉन, टाकीभोवती पाणी, वर डोंगराएवढा खडक, आणि आत काळ्याकुट्ट अंधारात टक लावून बसलेले शेकडो प्रकाशमापक. विश्वातलं बहुतेक वस्तुमान म्हणे दिसतच नाही. त्या न दिसणाऱ्या द्रव्याचा एखादा कण चुकूनमाकून टाकीतल्या एखाद्या अणूला धडकला तर एक बारीकशी चमक उठेल, ती पकडायची, एवढंच काम. एवढ्याशा कामात बाईंची उमेदीची सगळी वर्षं गेली होती.

पण माणूस फार काळ वाट बघत बसला की त्याला हवं ते दिसायला लागतं, मग तो कितीही शिकलेला असो. त्यावर गटाने उपाय काढला होता. यंत्राच्या नोंदींमध्ये अधूनमधून खोट्या चमका गुपचूप मिसळायच्या, हुबेहूब खऱ्यासारख्या. किती मिसळल्या, केव्हा मिसळल्या, की मुळात मिसळल्याच नाहीत, हे फक्त एका माणसाला ठाऊक. बाकीच्यांनी प्रत्येक चमक खरी असू शकते असं समजूनच तपासायची, तपासायची रीत ठरवून तिला कुलूप घालायचं, म्हणजे ती पुन्हा बदलायची नाही, आणि मग एक दिवस त्या माणसाने उभं राहून सांगायचं, ही मिठाची, ही नाही. मिसळण्याला सगळे 'मीठ घालणं' म्हणत आणि त्या दिवसाला 'मीठ काढणं'.

तो एक माणूस म्हणजे बाईंचा नवरा. संस्थेच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कार्यशाळेत काम करणारा, तपासणीच्या कामाशी काडीचा संबंध नसलेला, आणि खोट्या चमका पाडणारं यंत्र स्वतःच्या हाताने बनवणारा. गटात त्याला मिठवालाच म्हणत. त्याची नेमणूक करताना उपप्रमुखाने आडकाठी घातली होती. हा उपप्रमुख समोर काहीही ठेवलं तरी आधी नाही म्हणायचा, म्हणून त्याचं नाव नन्ना पडलं होतं. "नवराबायको एका घरात राहणार, गोष्ट बाहेर फुटणार," असं त्याचं म्हणणं. बाईंनी टेबलावर हात आपटला होता. "ह्याच्या तोंडून आजवर काही फुटलेलं नाही. ह्याला मी आवडते हेसुद्धा मला ह्याच्या बहिणीकडून कळलं." सगळे हसले, नन्नाही हसला, आणि बाईंनी नियमात स्वतः एक ओळ घातली: घरच्या माणसांनाही सांगायचं नाही.

आता तो उभा राहून एकेका चमकेची तारीख आणि वेळ वाचत होता आणि प्रत्येकीपुढे "मिठाची" म्हणत होता. आवाज असा, की दूध नासलंय म्हणून कुणी घरात सांगावं. शेवटचं "मिठाची" म्हणून तो खाली बसला. बायकोकडे त्याने बघितलं नाही.

नन्नाने चष्मा पुसला. "मॅडम, म्हणजे एका अर्थी चांगलंच झालं. घातलेल्या चारही सापडल्या. एकही निसटली नाही. यंत्र चोख आहे."

मग लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरोखरच वाजवल्या, आणि बाईंनाही वाजवाव्या लागल्या. हाताचे तळवे दुखेपर्यंत त्या वाजवत राहिल्या, कारण थांबल्या असत्या तर त्या हातांनी दुसरंच काही केलं असतं.

एरवी बाई इतक्या पेटल्या नसत्या. मीठ असू शकतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण या चार चमकांपायी त्यांनी जे घालवलं होतं ते ताईचं होतं.

ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. शाळेत खेळाची शिक्षिका होती. मैदानाच्या एका टोकाला उभी राहून हाक मारायची तेव्हा दुसऱ्या टोकाची पोरं तर थबकायचीच, रस्त्यावरचे सायकलवालेही ब्रेक लावायचे. लहानपणी आई कामावर असायची, तेव्हा धाकटीची वेणी घालणं, पाढे म्हणून घेणं आणि चुकले की कान उपटणं, सगळं ताईकडे. त्याच ताईच्या घशात गाठ निघाली, आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढायचं ठरवलं. तिने फोन केला होता. आवाज घोगरा झालेला, तरी फोन कानापासून लांब धरावा लागत होता.

"धाकटे, ऑपरेशननंतर मला बोलता यायचं नाही. कायमचं. तू ये. दोन दिवस नुसते बसू. माझं जे काय बोलायचं राहिलंय ते बोलून घेते."

"येते गं," बाई म्हणाल्या होत्या.

त्याच आठवड्यात चौथी चमक आली. मग 'येते'चं 'बघते' झालं, 'बघते'चं 'जमवते', 'जमवते'चं 'पुढच्या सोमवारी नक्की'. सोमवार आला आणि गेला. एके दिवशी सकाळी नवऱ्याने कपाटातून बॅग काढली. "मी जाऊन येतो ताईंकडे. कुणीतरी असायला हवं." बाई दारात उभ्या राहून त्याच्याकडे बघत राहिल्या. तो शांतपणे सदऱ्यांच्या घड्या घालत होता. तो गेला, ऑपरेशन झालं, आणि बाई पोचल्या तेव्हा ताईच्या नाकात नळी होती, गळ्याला भोक होतं आणि आवाज गेलेला होता. बाई तिच्या उशाशी बसून हमसून रडल्या, माफ कर, माफ कर म्हणाल्या. ताईने त्यांच्या हातावर थोपटलं, त्यापलीकडे तिला काही करता येण्यासारखं नव्हतं.

सभा संपली तशा बाई तडक कार्यशाळेत गेल्या. नवरा टेबलाशी उभा राहून एका पेटीचं झाकण बसवत होता. मीठ काढून दोन तासही झाले नव्हते आणि हा माणूस स्क्रू पिळत होता. बाईंनी दार लावून घेतलं.

"मजा आली?"

"कसली?"

"मला इतके महिने नाचताना बघून. मी गटासमोर रडले होते रे. आनंदाने. तू मागच्या रांगेत बसून बघत होतास."

"हो. बघत होतो."

"एक शब्द. 'जा' एवढा एक शब्द म्हणाला असतास ना, मी ताईकडे गेले असते. पण नाही. मिठाची गुळणी धरून बसलास."

तो हसला नाही. आपण काय बोललो ते बाईंच्याही नंतर लक्षात आलं, आणि त्यामुळे त्या आणखीच चिडल्या.

"'जा' म्हणालो असतो तर तुला कळलं असतं," तो म्हणाला.

"कळलं असतं तर कळलं असतं."

"मग सगळ्या गटाचं काम पाण्यात. आणि आज तूच इथे उभी राहून म्हणाली असतीस, माझ्या घरातल्याच माणसाने घात केला."

"मला अक्कल शिकवू नकोस. माझी बहीण होती ती. तुला ठाऊक होतं सगळं खोटं आहे, तरी तू मला इथे राहू दिलंस. मला वाटलं होतं, मीठ असतं तर तू काहीही करून मला ताईकडे धाडलं असतंस. भांडला असतास, तिकीट काढून हातात दिलं असतंस. तू गप्प सदरे भरत होतास, तेव्हाच मी म्हटलं, हे खरं आहे..."

बाई थांबल्या. आपल्याच तोंडून आलेलं वाक्य त्यांनी ऐकलं, आणि समोरच्या माणसानेही ते नीट ऐकलं होतं.

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "म्हणजे तू माझ्या तोंडावरून ठरवलंस."

"तसं नाही."

"तसंच आहे. त्या कडेच्या चमकेवरून बैठकीत वाद झाला. नन्ना म्हणाला टाकून द्या, टाकीच्या कडेच्या चमकेवर भरवसा नसतो. तू ठेवायला लावलीस. का? तुला मी सदरे भरताना दिसलो म्हणून?" इतक्या वर्षांच्या संसारात त्याचा आवाज पहिल्यांदा चढला होता. "वेळेआधी मिठाच्या यादीत डोकावला म्हणून एकाला तू गटातून हाकललंस, आठवतं? सगळ्यांसमोर त्याची लाज काढलीस. आणि स्वतः घरात बसून माझ्यात डोकावत होतीस. मी ताईंकडे का गेलो असं वाटतं तुला? रोज तुझ्यासमोर जेवायला बसणं अशक्य झालं होतं. घास उतरत नव्हता. तू बघायचीस, सारखी बघायचीस."

उत्तर नसलं की त्या वार करायच्या, आणि तो वार नेमका वर्मी बसायचा.

"खाल्ल्या मिठाला जागलास म्हणायचं. शाबास. एवढा तुझा नियमाचा ताठा, आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं..."

"निदान ताईंना तरी त्याचं हसू आलं," तो वैतागून म्हणाला, आणि लगेच त्याचा चेहरा पडला.

"कशाचं हसू आलं?"

त्याने पुन्हा स्क्रूड्रायव्हर उचलला.

"तू ताईला सांगितलंस."

"त्यांनी विचारलं," तो म्हणाला. "ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. म्हणाल्या, आमच्या धाकटीला असं काय घबाड सापडलंय, सांग तरी. दुसऱ्या दिवशी ज्यांचा आवाज जाणार, त्यांच्याशी खोटं बोलायला माझी जीभ रेटेना. म्हणालो, काही सापडलेलं नाही, मीच मीठ घातलंय. त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की नर्स धावत आली."

बाईंनी टेबलावरचा स्क्रूंचा डबा उचलला आणि उपडा केला. बारीक स्क्रू टेबलभर, खुर्चीवर, फरशीवर घरंगळत गेले. ताईचं खरं, गळ्यातून आलेलं शेवटचं हसू कुणाच्या वाट्याला आलं, तर ह्याच्या. नियम मोडायचाच होता तर तो मोडला, पण बायकोसाठी नाही, मेव्हणीसाठी. बाईंना त्याचा राग आला, ताईचा राग आला, नियमाचा राग आला, आणि तो नियम आपल्याच हातचा असल्यामुळे त्या रागाला कुठे धड टेकायलाही जागा उरली नाही. नवरा वाकून स्क्रू गोळा करायला लागला. ते बघून तर त्यांना तो डबा त्याच्या डोक्यात घालावासा वाटला.

"नन्नाला सांगणार आहे मी," त्या म्हणाल्या. "तू बाहेर सांगितलंस म्हणून."

"सांग," तो खालूनच म्हणाला. "तू काय केलंस तेही सांग."

बाईंनी दोन्ही सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, ताईच्या गावची बस सुटायची होती तेव्हा, स्टँडवरच्या बाकावर बसून त्यांनी नन्नाला फोन लावला आणि काही न गाळता, आपलं आणि नवऱ्याचं, सगळं ओकून टाकलं. नन्नाने कडेच्या चमकेची तारीख पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाला, "ती कडेची चमक मोजायची नाही. यंत्राने चारातल्या तीन पकडल्या असंच लिहू. आणि मीठ पुढच्या वेळी दुसरं कुणीतरी घालेल." फोन ठेवण्याआधी तो म्हणाला, "मॅडम, ह्याबद्दल बोलावं लागेल सगळ्यांसमोर." बाई म्हणाल्या, बोलू. एरवी नन्नाचा त्यांना राग यायचा. आज त्याचा आला नाही, तेवढीच काय ती सूट.

बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या आणि वाटभर नवऱ्याशी भांडत राहिल्या. तो तिथे नव्हता, त्यामुळे प्रत्येक मुद्द्यावर त्याच जिंकत होत्या. ताईच्या दाराशी पोचेपर्यंत सगळा हिशोब नीट लागला होता. दोष त्याचा. त्याने सांगितलं असतं, तर सगळं टळलं असतं.

ताईने दार उघडलं आणि काही न विचारता चहाचं आधण ठेवलं. ती आता बरीच सुधारली होती. गळ्याच्या भोकावर पातळ कापड बांधलं होतं, आणि ओट्यावर, हाताला येईल असं, टॉर्चएवढं एक यंत्र ठेवलेलं होतं. ते गळ्याला टेकवून तिने ओठ हलवले की त्यातून शब्द निघायचे, गुणगुणत्या, सपाट आवाजात. त्या आवाजाला चढ नव्हता, उतार नव्हता. प्रश्न आणि हुकूम त्यात सारखेच वाटायचे. चहा झाला तसा ताईने आपला कप बाजूला ठेवला आणि तो निवायची वाट बघत बसली. श्वास गळ्यातून जायचा, त्यामुळे चहावर फुंकर मारणंसुद्धा तिला जमत नव्हतं.

"तुला माहीत होतं," बाई म्हणाल्या.

ताईने यंत्र गळ्याला लावलं. "हो."

"आणि मला सांगितलं नाहीस. बोलता येत नव्हतं, पण मोबाइलवर लिहिता येत होतं की."

"तो म्हणाला, तुझाच नियम आहे."

बाईंचा बांध फुटला. "नियम, नियम. सगळे मलाच माझा नियम शिकवा. त्याला सगळं ठाऊक होतं गं. मी इथे यायला हवं होतं हेही ठाऊक होतं. तरी गप्प बसला. मला कळलं असतं ना हे मीठ आहे, तर त्याच मिनिटाला निघाले असते. अंगावरच्या कपड्यांनिशी आले असते. माझे दोन दिवस खाल्ले त्याने. तुझा आवाज होता तेवढ्यात मला ऐकायचा होता, तू बोलावलं होतंस, आणि मी तिथे बसून खोट्या चमका मोजत होते. त्याला मी जन्मात माफ करणार नाही. तुझ्यासमोर सांगते."

ताईने सगळं ऐकून घेतलं. ती मध्ये बोलली नाही. मध्ये बोलणं हा तिचा जन्माचा स्वभाव होता, पण यंत्र उचलून गळ्याला लावेपर्यंत मध्ये बोलायची वेळ निघून जायची. बाई दमून थांबल्या तेव्हा तिने ते लावलं.

"आणि खरं असतं तर."

"काय?"

"चमका खऱ्या असत्या तर. तू आली असतीस."

तो प्रश्न आहे हे बाईंना क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा उत्तर जिभेवर तयार होतं. असं काय विचारतेस, आलेच असते, तुझ्यापेक्षा मोठं काय आहे मला. इतके महिने त्या हेच उत्तर स्वतःला देत आल्या होत्या, आणि वाटेत बसमध्येही हेच दिलं होतं. त्यांनी तोंड उघडलं. समोर ताई यंत्र हातात धरून बसली होती आणि थेट त्यांच्या डोळ्यांत बघत होती, पाढे म्हणून घेताना बघायची तशी.

"नसते आले," बाई म्हणाल्या.

ताईने यंत्र टेबलावर ठेवलं.

"खऱ्या असत्या तर मुळीच नसते आले. ती टाकी सोडून मी हलले नसते. तुझ्यासाठीसुद्धा नाही. आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. तू फोन केलास तेव्हाच."

ताईचा चेहरा लालबुंद झाला. मानेच्या शिरा तटतटल्या. तिने तोंड उघडलं, मैदानावर उघडायची तसं पूर्ण उघडलं, आणि गळ्यावरचं कापड फडफडलं. नुसती हवा आली. तिने टेबलावर तळहात आपटला, कप हिंदकळला, चहा बशीत सांडला. बाई उठून तिला धरायला गेल्या तर तिने त्यांना जोरात मागे ढकललं. मग तिने यंत्र उचललं. घाईत ते एकदा गळ्यावरून निसटलं. तिने ते पुन्हा टेकवलं, घट्ट दाबून धरलं.

"हे तेव्हा सांगायचं होतंस," यंत्रातून तोच सपाट आवाज आला. "येते, बघते, जमवते करत बसलीस. तेव्हाच नाही म्हणायचं होतंस. तेव्हा मला ओरडता येत होतं."